परवाना हाती, अँटेना कुठे?

आपत्तीच्या काळात हौशी रेडिओचालकांचे गोडवे गाणारी आपली व्यवस्था एरवी त्यांच्या अँटेनाला जागा देत नाही. हा दोष कायद्यातल्या एका रिकाम्या जागेचा आहे, आणि ती जागा भरणे फारसे अवघड नाही.

१९८८ च्या उन्हाळ्यात मी एका अँटेनाचा खांब उतरवण्याचा आदेश दिला होता. तेव्हाच्या ओरिसाच्या किनाऱ्यावरील एका उपविभागाचा मी दंडाधिकारी होतो आणि नोकरीला जेमतेम चार वर्षे झाली होती. चाळीसएक सह्यांचा अर्ज आला. गावातल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी आपल्या अंगणात सुमारे चाळीस फूट उंचीचा लोखंडी खांब उभारला असून तो वादळात शेजाऱ्यांच्या छपरांवर कोसळेल, अशी पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार अशी की, रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू असताना पडद्यावरचे चित्र फाटते आणि त्याचे कारण हेच गृहस्थ आहेत. कायद्याच्या दृष्टीने पहिली तक्रार महत्त्वाची होती. पण सह्या दुसरीसाठी झाल्या होत्या, हे सर्वांनाच ठाऊक होते.

सुनावणीला शिक्षक आपला परवाना घेऊन आले. दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेने तो दिला होता. ‘यात हा खांब उभारण्याची परवानगी कुठे आहे?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘‘सर, बोलायची परवानगी आहे. तोंड कुठे ठेवायचे, ते मात्र यात लिहिलेले नाही.’’ मला ते उत्तर उद्धट वाटले. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती: शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणी संचांना जोडलेले सिग्नल वाढवणारे बूस्टर दुबळे आहेत, त्यांच्या तोंडाशी एक साधे गाळणी-मंडल बसवले तर चित्र फाटणार नाही, आणि ते मी स्वतः विनामूल्य बसवून देतो. इतिहासाच्या पदव्युत्तर पदवीधराला त्यातले काही कळले नाही. समजून घेण्याची तसदीही त्याने घेतली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या तरतुदीखाली, मी आदेश काढला. आठ दिवसांत खांब उतरला. काही महिन्यांनी माझी बदली झाली.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. मी तेव्हा भुवनेश्वरच्या सचिवालयात होतो. दूरध्वनी बंद पडले, वीज गेली, झाडे पडून रस्ते अडले. किनाऱ्यावर काय घडले आहे, हे राज्याच्या राजधानीला एक दिवस उलटून गेला तरी नीट कळत नव्हते. जवळजवळ दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, हा आकडा पुढे कागदावर आला. त्या दिवसांत कोणीतरी परवानाधारक हौशी रेडिओचालकांची, म्हणजे ‘हॅम’ मंडळींची यादी काढली. माझ्या जुन्या उपविभागापुढे एकच नाव होते, आणि ते माझ्या ओळखीचे होते. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की गृहस्थ वादळातून सुखरूप बचावले होते. पण खांब उतरल्यावर वर्षभरात त्यांनी यंत्र विकून टाकले होते आणि परवान्याचे नूतनीकरणही केले नव्हते. संदेश वाहण्याचे काम अखेर बाहेरून आलेल्या हॅम स्वयंसेवकांनी केले. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे संच आणि तारांची भेंडोळी घेऊन ते आले होते.

त्यांच्यापैकी एकाला काम करताना पाहून मी स्वतःचे समाधान करून घेतले होते. त्याच्याजवळ मनोरा नव्हता. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार, मध्यभागी जोडलेली केबल आणि टोकांना बांबू, एवढ्यावर तो दोनशे-तीनशे किलोमीटरवर बोलत होता. तार जमिनीपासून फार उंच नसली तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशातील आयनांच्या थरावरून परतून आसपासच्या प्रदेशात उतरतात. जिल्हा ते राजधानी या अंतरासाठी तेच सोयीचे असते. मग मनोऱ्याची गरजच काय? माझ्या आदेशाने काही बिघडले नाही, असे मी मनाला सांगितले.

हे समाधान खोटे होते, हे उमगायला बरीच वर्षे जावी लागली. आपत्तीत तार पुरते हे खरे. पण ती कुठे, किती उंच आणि कोणत्या दिशेने बांधायची, कोणत्या वेळी कोणता पट्टा चालतो, क्षीण आवाज गोंगाटातून कसा वेचायचा, हे ज्याला रोज करून ठाऊक आहे त्याच्याच हातात ती पुरते. हा सराव घरच्या अँटेनावर होतो. अँटेना उतरली की हळूहळू माणूसही त्या छंदातून उतरतो. मी १९८८ साली एक खांब हटवला अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी एक रेडिओचालक हटवला होता.

संशयाचा वारसा

आपल्या प्रशासनाला अँटेनाचे वावडे का असावे, याचे उत्तर इतिहासात आहे. भारतात हौशी रेडिओ परवान्यांची सुरुवात १९२१ मध्ये कोलकात्यात झाली. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून असे यंत्र जवळ बाळगणेच गुन्हा ठरवला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी चालकांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश मिळाले. साम्राज्याची भीती अगदीच निराधार नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचे प्रक्षेपणयंत्र नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतून घडलेल्या तंत्रज्ञाने तयार केले होते. ते केंद्र ४२.३४ मीटर लहरींवर बोलत असे. या तरंगलांबीच्या अर्ध्याची साधी तारेची अँटेना म्हटली तरी ती सुमारे एकवीस मीटर लांब होते. यंत्र पेटीत लपते, अँटेना लपत नाही. म्हणूनच केंद्राला मुंबईत जागा बदलत फिरावे लागले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस तिथवर पोहोचलेच. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले. कार्यालयीन मनोवृत्ती मात्र बरीचशी तीच राहिली. छपरावरची तार म्हणजे चौकशीचा विषय, ही ती मनोवृत्ती. वस्तुतः तर्क उलटा चालायला हवा. परवानाधारक हॅमचे नाव, पत्ता आणि संकेतनाम सरकारदरबारी नोंदलेले असते; त्याची परीक्षा झालेली असते; त्याला कूटभाषेत बोलण्यास मनाई असते; आणि तो काय बोलतो हे कोणीही ऐकू शकतो. ज्याला काही लपवायचे आहे तो घरावर चाळीस फुटी खांब उभारत नाही.

परवानगी वेळेवर मिळाली तर काय होते, याचे उदाहरण अंदमानात आहे. तेथे अनेक वर्षे हौशी प्रक्षेपणाला मुभा नव्हती. दीर्घ पाठपुराव्यानंतर २००४ च्या अखेरीस भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील चमूला पोर्ट ब्लेअरमधून काही आठवडे प्रक्षेपण करण्याची अनुमती मिळाली. हेतू निव्वळ हौसेचा होता: जगभरच्या चालकांना एका दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधता यावा. २६ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि द्वीपसमूहाचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला तेव्हा या चमूच्या अँटेना तिथे आधीच उभ्या होत्या. पुढचे कित्येक दिवस बेपत्ता माणसांची चौकशी आणि मदतकार्याचे संदेश त्यांच्यावरून गेले. ती अनुमती महिनाभर आणखी लांबली असती, तर? लातूर-किल्लारीचा १९९३ चा भूकंप आणि भुजचा २००१ चा भूकंप या दोन्ही वेळी हॅम मंडळी धावून गेली. पण त्यांना तिथवर पोहोचावे लागले. अंदमानात ती अगोदरच होती. आपत्तीनंतरचे पहिले चोवीस तास हा या दोहोंतला फरक असतो.

खांबाचे व्याकरण

तरीही शेजाऱ्यांची १९८८ ची पहिली तक्रार मला आज अधिक गांभीर्याने घ्यावीशी वाटते. तो खांब खरोखरच धोकादायक होता. त्याच्या तीन ताणतारांपैकी, म्हणजे ज्यांना वीजतंत्री ‘स्टे’ म्हणतात त्यांपैकी, एक तार शेजारच्या नारळाला बांधलेली होती आणि तिच्यावर गंज चढलेला होता. झाड वाऱ्यात डोलते, तार कधी सैल पडते तर कधी झटका देते, आणि खांब एका बाजूला ओढला जातो. शिक्षक रेडिओशास्त्रात निपुण होते, बांधकामशास्त्रात नव्हते. हौशी रेडिओच्या हिताचे बोलणाऱ्यांनी हा भाग टाळता कामा नये.

हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, कटक-भुवनेश्वरसाठी मूळ वेग सेकंदाला ५० मीटर धरते. मुंबईसाठी ४४ आणि पुण्यासाठी ३९. पन्नास मीटरच्या वाऱ्यात अर्धा चौरस मीटर पृष्ठभागाच्या अँटेनावर ढोबळमानाने ७५ किलोचे आडवे ओझे येते. ताशी २६० किलोमीटरच्या वाऱ्यात तेच दुपटीहून अधिक, सुमारे १६० किलो होते. खांबाच्या टोकाशी एक मोठा माणूस आडवा लटकला आहे, मग दोन लटकले आहेत, असे समजावे. जो खांब पुण्यात वर्षानुवर्षे उभा राहील, तो पुरीत पहिल्याच मोसमात वाकू शकतो. म्हणून खांबाचे गणित गावाप्रमाणे बदलते आणि ते कोणीतरी जाणत्याने करून द्यावे लागते.

उभारणीचे नियम पिढ्यांच्या अनुभवातून ठरले आहेत. ताणतारा एकमेकींशी १२० अंशांच्या कोनात तीन दिशांना असाव्यात आणि त्यांचे खुंट खांबाच्या उंचीच्या साधारण साठ ते ऐंशी टक्के अंतरावर, काँक्रीटमध्ये रोवलेले असावेत. झाडाला किंवा गच्चीच्या कठड्याला नव्हे. ताण मोजून द्यावा, तारेच्या तुटण्याच्या भाराच्या दशांशाइतका. फार घट्ट तार खांबाला खाली दाबते आणि सैल तार त्याला हेलकावे घेऊ देते. ताण देणारा टर्नबकल कंपनांनी आपोआप उलगडू नये म्हणून त्यातून तार ओवून तो जखडावा. विजेच्या वाहिन्यांपासूनचे अंतर खांबाच्या पूर्ण उंचीहून बरेच जास्त असावे, म्हणजे खांब आडवा झाला तरी वाहिनीला शिवणार नाही. हा नियम मोडल्याने जगभरात हौशी चालकांचे प्राण गेले आहेत.

विजेविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. खांब आकाशातली वीज दुरून ओढून आणतो, हा शेजाऱ्यांचा. आपल्या घरावर ती पडणार नाही, हा हौशी चालकाचा. आसपासच्या वस्तूंपेक्षा उंच असलेल्या कोणत्याही वस्तूवर वीज पडण्याची शक्यता अधिक असते, इतकेच खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे खांबाच्या पायाशी जाड तांब्याच्या पट्टीने केलेले अर्थिंग. ते अर्थिंग घराच्या विद्युत अर्थिंगशी जोडलेलेही हवे. दोन वेगळ्या खड्ड्यांमध्ये विद्युतदाबाचा फरक पडला तर प्रवाह घरातून वाट काढतो. गडगडाट सुरू होण्यापूर्वी केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवणे, ही जुनी सवय अजूनही उत्तम आहे.

देखभालीला तर कोणी वालीच नसतो. किनाऱ्यावरची खारट हवा जस्ताचा थर खाऊन टाकते. केबलच्या जोडात पाणी शिरते आणि महिन्याभरात तिची तांब्याची जाळी काळी पडते. कावळे आडव्या दांड्यांवर घरटी बांधतात, माकडे तारांवर झोके घेतात, संक्रांतीनंतर मांजा अडकून राहतो. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, प्रत्येक क्लॅम्प, नट आणि तार पाहावी लागते. वर चढणाऱ्याने कंबरपट्ट्याऐवजी पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा घालावा, दोन दोऱ्यांपैकी एक सदैव अडकलेली असावी, खाली दुसरा माणूस असावा, आणि ओल्या खांबावर कोणी चढू नये. या साध्या गोष्टी लिहून ठेवलेला एक कागद १९८८ साली माझ्यापुढे असता, तर माझा आदेश ‘खांब उतरवा’ असा न होता ‘नारळाची तार सोडा, खुंट रोवा, पंधरा दिवसांत दाखवा’ असा झाला असता. कायदाही तेवढी मुभा देत होता. उपद्रव दूर करणे म्हणजे वस्तूच दूर करणे नव्हे.

कायद्यातली रिकामी जागा

आज परिस्थिती काय आहे? संकेतनाम आणि परवाना केंद्राकडून मिळतो. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देता येते. उंचीबाबत विमानतळांच्या परिसरासाठी २०१५ चे नियम आहेत, आणि रंगांनी विभागलेल्या नकाशांवरून कुठे किती उंच जाता येते हे स्थानिक संस्थेला पाहता येते. मोबाइल मनोऱ्यांसाठी व तारवाहिन्यांसाठी २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने मार्गाधिकाराची तपशीलवार चौकट दिली आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांमध्ये हॅम रेडिओचा आदरपूर्वक उल्लेख असतो. परंतु परवानाधारक नागरिकाने स्वतःच्या घरावर किंवा सामाईक गच्चीवर नऊ-दहा मीटरचा खांब उभारावा की नाही, हा प्रश्न स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि रहिवासी संघटनेच्या बैठकीवर सोडलेला आहे. शिक्षकांचे ‘तोंड कुठे ठेवायचे’ हे वाक्य आजही तंतोतंत लागू पडते. मी वापरलेले कलम १३३ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे. एखाद्या तरुण दंडाधिकाऱ्याला माझी चूक पुन्हा करायला काहीच अडचण नाही.

अमेरिकेने हा प्रश्न १९८५ मध्ये हाताळला. तेथील संघीय दळणवळण आयोगाने ठरवले की स्थानिक संस्थांना अँटेनाच्या उंचीबाबत नियम करता येतील, पण त्यांनी हौशी दळणवळणाला वाजवी वाव दिला पाहिजे आणि आपला न्याय्य हेतू साधण्यापुरतेच निर्बंध घातले पाहिजेत. हे तत्त्व नंतर आयोगाच्या नियमावलीत समाविष्ट झाले. त्याची मर्यादाही बोलकी आहे: खासगी वसाहतींच्या आपापसातल्या करारांना ते लागू होत नाही. आपल्याकडे शहरे जसजशी सामाईक गच्च्यांची होत आहेत, तसतशी हीच मर्यादा आपला मुख्य प्रश्न ठरणार आहे.

माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, केंद्राने आदर्श नियम करावा की परवानाधारकाचा ठरावीक उंचीपर्यंतचा खांब (समजा गच्चीवर नऊ मीटर आणि जमिनीवर पंधरा मीटर) परवानगीने नव्हे, तर सूचना देऊन उभारता येईल. अट एवढीच की विमानतळाची मर्यादा पाळलेली असावी आणि स्थापत्य अभियंत्याचा दाखला सोबत असावा. दुसरी, या सवलतीच्या बदल्यात वार्षिक तपासणी, त्रयस्थांसाठी विमा आणि परवाना संपल्यास खांब उतरवण्याची जबाबदारी परवानाधारकावर असावी. तिसरी, रहिवासी संघटनेला नकार देता यावा, पण लेखी कारणांसह. आणि ‘आम्हाला नको’ हे कारण धरले जाऊ नये. चौथी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रेडिओचालकांच्या निव्वळ नावांऐवजी उभ्या अँटेनांची नोंदवही ठेवावी: कुठे, किती उंच, कोणत्या पट्ट्यासाठी, पर्यायी वीज आहे का, शेवटचा सराव कधी झाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांसाठी शेकडो पक्की निवारागृहे आहेत. त्यांच्या छपरांवर अँटेना बसवण्याची पक्की बैठक आणि अर्थिंग आधीच केलेले असेल, तर स्थानिक क्लबला सरावासाठी जागा मिळेल आणि वादळाच्या रात्री खांब कुठे रोवायचा हा शोध टळेल. उंचीचे महत्त्व इथे आहे: हातातल्या छोट्या संचांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दहा मीटरवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज सुमारे तेरा किलोमीटरवर असते, तीस मीटरवरच्या अँटेनाचे तेवीसच्या आसपास. सपाट किनाऱ्यावर त्या दहा किलोमीटरमध्ये बरीच गावे बसतात.

आमची गच्ची

हे सारे मी आता दुसऱ्या बाजूला बसून लिहीत आहे. निवृत्तीनंतर मी भुवनेश्वरमध्ये एका चार मजली संकुलात राहतो. ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकले तेव्हा आमची वीज कित्येक दिवस नव्हती आणि मोबाइलचे जाळेही कोलमडले होते. गेल्या वर्षी संकुलातल्या एका तरुण अभियंत्याने गच्चीवर नऊ मीटरचा खांब उभारण्यासाठी अर्ज केला. मी कार्यकारी समितीवर होतो. आक्षेप ऐकताना मला चाळीस सह्यांचा तो जुना अर्ज आठवत होता. ‘रामायणा’ची जागा किरणोत्सर्गाने घेतली होती, एवढाच काय तो फरक.

या वेळी आम्ही प्रत्येक आक्षेपाला बसून उत्तर शोधले. किरणांची भीती मोबाइल मनोऱ्यावरून आलेली होती. मनोरा अखंड प्रक्षेपण करतो, हॅम बोलतो तेवढाच वेळ. अँटेना जितकी उंच तितका खालच्या घरांशी तिचा संबंध कमी. म्हणजे ज्यांना भीती वाटते त्यांनी खरे तर उंच खांबाची मागणी करायला हवी. गच्ची गळेल, ही तक्रार रास्त होती. म्हणून स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबलेल्या पोलादी बैठकीवर खांब उभा करायचे ठरले. ताणतारा मात्र ठोकळ्यांवर सोडणे अभियंत्याला मान्य नव्हते. इमारतीच्या स्तंभांवर तीन खुंट आणि त्यांभोवती जलरोधक लेप, हे त्याने खर्चासह मान्य केले. विमा त्याचा. वीज पडण्याच्या शंकेचे उत्तर अर्थिंगच्या मोजणीने दिले. त्या मोजणीत असे आढळले की संकुलाचे स्वतःचे अर्थिंगच कामातून गेले आहे. ते दुरुस्त करण्याचा खर्च सर्वांनी वाटून घेतला आणि त्यावर सर्वांत लांब चर्चा झाली.

ठराव दोन मतांच्या फरकाने संमत झाला. एका ज्येष्ठ सदस्या शेवटपर्यंत विरोधात राहिल्या. ‘‘तुम्ही सरकारी माणसे आधी परवानगी देता आणि मग बघायला कोणी येत नाही,’’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. म्हणून तपासणीची वही माझ्याकडे ठेवावी, असे मीच सुचवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या तरुणाबरोबर मी गच्चीवर गेलो. तो सुरक्षापट्टा बांधून वर चढला. मी खाली उभा राहून यादी वाचत होतो आणि त्या बाई जिन्याच्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. वहीतली पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे: तीन ताणतारा ठीक, केबलचा वरचा जोड पुन्हा बंद केला, पूर्वेकडच्या टर्नबकलवर गंज, बदलला. खाली दोघांच्या सह्या आहेत. तिसरी सही त्या बाईंनी स्वतःहून केली आणि पुढची तारीख विचारून घेतली.